कागदी विमानं आणि मोजपट्टी : तुमचे अनुभव लिहा

मी डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या विद्यालयात यंदा प्रत्येकाला वर्षभरासाठी स्वतःच्या आवडीचा एक विषय निवडायचा होता. पुस्तकातला नको, जिव्हाळ्याचा हवा, एवढीच अट. मी कागदी विमानं घेतली. वहीच्या मधलं जोडपान अलगद सोडवून विमान करायची सवय मला तिसरी-चौथीपासूनची.

आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष वर्गात शिकवायच्या सरावासाठी, जिल्हा परिषदेची शाळा मिळाली, वर्ग सहावीचा. पहिल्या दिवशी कुणाचं विमान नाकावर आपटलं, कुणाचं सरळ वर चढून उलटं पडलं, दोन कौलांवर जाऊन बसली. दुसऱ्या आठवड्यात आम्ही नियम केला : एका वेळी एकच बदल करायचा, पाच वेळा उडवायचं, लिहून ठेवायचं.

एका मुलीचं विमान दर वेळी पाच-सहा पावलांवर नाक खुपसायचं. तिने पंखांच्या मागच्या कडा नखाएवढ्या वर वळवल्या. विमान तरंगत व्हरांड्याच्या शेवटच्या खांबापर्यंत गेलं. मग तिने कडा आणखी वळवल्या. आता ते वर चढलं, हवेत थबकलं आणि शेपटीवर खाली आलं. तिने विमान उचललं, कडा अंगठ्याने दाबून निम्म्या केल्या आणि माझ्याकडे न बघता पुन्हा फेकलं. मी एक शब्दही शिकवला नव्हता. पाठ टाचणात हे कुठल्या रकान्यात लिहावं, अजून ठरवते आहे.

पण तक्ते सुरू झाल्यापासून मागच्या बाकावरची चार मुलं विचारतात, “मॅडम, आज नुसतं उडवू या ना?” म्हणून हा धागा. मोजायला लागलं की मजा जाते का? शाळेत, घरी, गच्चीवर, तुम्ही काय पाहिलंत ते सविस्तर लिहा.

सातारा, निवृत्त शिक्षिका

मोजायचं काय, ते मुलांना ठरवू दे गं. माझ्या वर्गात यावरून भांडण झालं होतं. निम्म्यांना लांब जाणारं विमान हवं, निम्म्यांना जास्त वेळ हवेत राहणारं. दोन्ही एका विमानात जमत नाही, हे त्यांना भांडता भांडताच उमगलं. लांब जायला अरुंद, टोकदार बाण लागतो. तरंगायला रुंद पंख लागतात.

मग मी त्यांना एक विक्रम सांगितला. जपानच्या ताकुओ तोदा यांचं विमान २०१० साली २९.२ सेकंद हवेत राहिलं. एकच कागद, कात्री नाही, चिकटपट्टी नाही. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत डिलन रबल आणि गॅरेट जेन्सन या दोन इंजिनिअरांच्या विमानाने ८८.३१८ मीटर अंतर कापलं. तेव्हा मी निवृत्त झाले होते, पण गावातल्या मुलांना घेऊन मैदानावर गेले. सुतळी धरून मुलं चालत निघाली. साठाव्या मीटरला मैदान संपलं. पुढचे अठ्ठावीस मीटर पाटाच्या कडेने मोजले. शेवटच्या मुलाने तिथून हात वर केला तेव्हा इकडची सगळी मुलं गप्प होती.

लातूर

आमचं किराणा दुकान. मुलाने विचारलं, विमानाचं वजन किती? काट्यावर एक कागद ठेवला तर आकडाच हलेना. म्हटलं, शंभर ठेव. पाचशे ग्रॅम भरले, म्हणजे एकाचं पाच. त्याच्या बाईंनी नंतर दुसरी वाट दाखवली. पुडक्यावर ८० जीएसएम छापलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ८० ग्रॅम. ए-४ चे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो. ८० भागिले १६, पुन्हा पाच! दोन वाटांनी एकच उत्तर आल्यावर पोरगा काट्याकडे बघतच राहिला. आमच्याकडे मोजल्यानेच मजा सुरू झाली.

कोल्हापूर

वर्गातला पंखा आधी बंद करा. एवढंच सांगते.

बंगळुरू, विमान क्षेत्रात नोकरी

नाकाकडे इतक्या घड्या का घालतो, हे मुलांना हाताने कळू द्या. विमान पोटाखाली पेन्सिलीवर आडवं तोलून बघायला सांगा. बाणासारख्या त्रिकोणी विमानात तो तोल लांबीच्या मध्याच्या जरा पुढे यायला हवा. मागे आला तर विमान हवेत डोलतं आणि उलटतं. तुमच्या त्या मुलीचं विमान पुढून जड होतं. मागच्या कडा वर वळवल्याने शेपटी खाली दाबली गेली आणि नाक सावरलं. तिने केलं ते आम्ही रोज करतो.

पंख समोरून पाहिले तर किंचित वर उघडलेले दिसायला हवेत, उथळ ‘व्ही’सारखे. विमान एका बाजूला कललं की ते आपलं आपण सरळ होतं.

एक अडचण मात्र तुम्हाला येणार. मुलांच्या हाताचा जोर दर वेळी वेगळा असतो, मग फरक घडीचा की हाताचा? टेबलाच्या कडेला दोन खिळ्यांमध्ये रबर ताणा, खडूने खूण करा आणि दर वेळी खुणेपर्यंतच ओढा. नुसतं उडवू म्हणणाऱ्या चौघांकडेच हे यंत्र बनवायला द्या.

ठाणे

मी थोडं वेगळं लिहितो. सातवीत असताना शाळेत विमानांची स्पर्धा होती. माझं विमान मोठा गोल घेऊन परत माझ्याकडे यायचं. डावा पंख किंचित पिळायचा हे मला दिवाळीच्या सुट्टीत सापडलं होतं, दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. स्पर्धेच्या दिवशीही ते आलं, थेट माझ्या पायाशी. परीक्षकांनी टेप लावली आणि लिहिलं, अर्धा मीटर. शेवटचा नंबर. त्यानंतर मी शाळेत विमान केलं नाही. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हो आहे, मजा जाते. मोजणाऱ्याला एकच गोष्ट दिसत असेल तर नक्कीच जाते.

पुणे, आई

आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेमधल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांची टाकाऊतली खेळणी पाहिल्यापासून आमच्या घरी वर्तमानपत्र रद्दीत जायला वेळ लागतो. त्याची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी कापा. एक लांब कड वर, दुसरी खाली दुमडा, टोकं वर वळवा. उंचावरून सोडली की गिरक्या घेत उतरते. तिच्या मागे पुठ्ठा तिरका धरून चालत राहिलं तर पुठ्ठ्यावरून वर चढणारी हवा तिला खाली पडू देत नाही. लेक अशी पट्टी घेऊन स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत जाते. तिने मोजलेलं एकच, किती खोल्या पार केल्या.

धागाकर्ती

ठाण्याच्या दादांचा अनुभव दोनदा वाचला. काल तक्त्याचे रकाने मी पुसले आणि काय बघायचं ते मुलांनाच लिहायला सांगितलं. अंतर आणि वेळ आले. ‘वळतं का’ आलं. एकाने ‘आवाज’ लिहिलं, कारण त्याचं विमान कानाजवळून जाताना फरफरतं. चौघांपैकी दोघे रबराच्या यंत्राला लागलेत, खिळे घरून आणणार आहेत. उरलेले दोघे नुसतं उडवत होते, मी काही म्हटलं नाही.

सगळ्यांनी पेन्सिलीवर विमानं तोलली. त्या मुलीचा प्रश्न इथे लिहिते, बंगळुरूच्या दादांनी जरूर उत्तर द्यावं : “मॅडम, पावसात कागद सर्द होतो, मग तोल तिथेच राहतो की सरकतो?”