मदत हवी आहे : चुन्याने भाजलेल्या डोळ्यासाठी स्टेम सेलचे रोपण

गोदाकाठ :
धाकट्या भावाच्या हातात चुन्याची पुडी फुटून चुना डोळ्यात गेला. नंतर नेत्रदानातून मिळालेले बुबुळ बसवले, पण तेही पांढरे पडले. आता दुसरे डॉक्टर स्टेम सेलचे रोपण सुचवतात. हा उपचार सिद्ध आहे की प्रयोग, हे कृपया लवकर सांगा. याच आठवड्यात निर्णय कळवायचा आहे.

निरंजना :
एक डोळा की दोन्ही? पापण्या पूर्ण मिटतात का? बुबुळाचा पृष्ठभाग सतत झिजतो आणि त्याची भरपाई करणाऱ्या पेशी, म्हणजेच इथल्या स्टेम सेल, काळा भाग संपून पांढरा सुरू होतो त्या कडेला असतात. त्या जळाल्या की पांढऱ्या भागावरचे आवरण रक्तवाहिन्यांसह बुबुळावर चढते आणि नवे बुबुळही टिकत नाही.

सातपुडा :
आम्ही मुलीच्या जन्मावेळी नाळेतील रक्त साठवले आहे. तुमच्या कुटुंबात कोणी साठवले असल्यास त्याच पेशी वापराव्यात.

अश्वत्थ :
सातपुडा, आपला सल्ला दिशाभूल करणारा आहे. नाळेतील त्या पेशी रक्त घडवतात, बुबुळाचा पृष्ठभाग नव्हे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉ. वीरेंद्र सांगवान व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत रुग्णाच्याच निरोगी डोळ्याच्या कडेचा सुमारे दोन मिलिमीटरचा तुकडा घेऊन त्याचे बारीक कण भाजलेल्या डोळ्यावर अंथरलेल्या गर्भवेष्टनाच्या (गर्भाभोवतीच्या पिशवीच्या) पडद्यावर बसवतात; पेशी प्रयोगशाळेत वाढवाव्या लागत नाहीत. प्रयोगशाळेत वाढवलेल्या अशाच पेशींच्या उपचाराला युरोपीय संघाने २०१५ मध्ये सशर्त मान्यता दिली.

सुरंगी :
चुना गेल्याबरोबर डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा, चोळू नये.

गोदाकाठ :
सुरंगीताई, ते तेव्हाच केले होते. प्रश्न आताचा आहे. फक्त उजवा डोळा भाजला आहे. डाव्यातून तुकडा काढल्यास तोही अधू होईल, अशी आईला भीती वाटते.

निरंजना :
तुकडा इतका लहान असतो की ती जागा सहसा भरून येते. तरीही डाव्या डोळ्याची कड आधी काळजीपूर्वक तपासून घ्या, कारण चुन्याचे शिंतोडे तिथेही गेलेले असू शकतात. दोन्ही कडा जळाल्या असतील तर सहसा नातेवाइकाच्या किंवा नेत्रदात्याच्या पेशी घ्याव्या लागतात आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दीर्घकाळ द्यावी लागतात. पापण्यांचे मात्र आपण सांगितले नाही.

गोदाकाठ :
उजवी पापणी झोपेत थोडी उघडी राहते. डॉक्टरांनी त्याबद्दल काही विचारले नाही.

निरंजना :
मग या आठवड्यात होकार देऊ नका. आधी पापणीची शस्त्रक्रिया करावी लागेल का, हे त्यांना स्पष्ट विचारा. उघड्या, कोरड्या डोळ्यावर बसवलेल्या पेशी तग धरत नाहीत.