दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा कॉलेज बदललेल्या फुटबॉल खेळाडूचा 'पात्रतेचा निकाल बाकी' म्हणजे नेमकं काय बाकी?

शनिवारचा_सामना (प्रश्न)

मंडळी, प्रश्न अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा आहे. एनसीएएने (तिथल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था) 2024 मध्ये नियम बदलला, आता कितीही वेळा कॉलेज बदला आणि लगेच मैदानात उतरा, असं सगळीकडे वाचलं. तरीही दर हंगामाआधी काही खेळाडूंच्या नावापुढे 'पात्रतेचा निकाल बाकी' असं लिहिलेलं दिसतं. नियमच उरला नाही, तर निकाल कशाचा?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मुलगा 2022 मध्ये ज्युनिअर कॉलेजात (तिथलं दोन वर्षांचं कॉलेज, आपली अकरावी-बारावी नव्हे) खेळला. 2023 आणि 2024 एका विद्यापीठात, 2025 दुसऱ्यात. 2023 मध्ये तिसऱ्या सामन्यात गुडघा गेला आणि तो हंगाम तिथेच संपला. आता जानेवारी 2026 मध्ये तो तिसऱ्या विद्यापीठात आला आहे. त्याला 2026 चा हंगाम खेळता येईल का, आणि कुणाची परवानगी लागेल? 2023 चं टेझ वॉकर या खेळाडूचं प्रकरणही कुणी नीट सांगितलं तर बरं होईल. त्याला आधी नाकारून नंतर का सोडलं, हे कळलेलं नाही.

---

नियमपुस्तक_वाला

'लगेच खेळण्याची परवानगी' हा शब्दप्रयोग जुन्या काळातला आहे आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. म्हणून आधी जुनी पद्धत बघू.

2018 पर्यंत खेळाडूला दुसऱ्या कॉलेजशी बोलायलासुद्धा आपल्या कॉलेजची मुभा लागायची. मुंबईचा क्रिकेटपटू गोव्याकडून रणजी खेळायला निघाला की त्याला संघटनेची एनओसी लागते, तसंच काहीसं. ऑक्टोबर 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांची ऑनलाइन यादी, आलं आणि परवानगीच्या जागी नुसती सूचना आली. खेळाडूने लेखी कळवलं की कॉलेजने कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचं नाव पोर्टलवर टाकायचं.

पण जाण्याचा रस्ता मोकळा झाला म्हणून खेळण्याचा झाला नाही. फुटबॉल, पुरुष आणि महिला बास्केटबॉल, बेसबॉल आणि पुरुषांची आइस हॉकी या पाच खेळांत पदवीआधी कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागे. सराव करता येई, स्कॉलरशिप मिळे, सामना मात्र नाही. पदवी हातात घेऊन जाणाऱ्यांना हे बंधन नव्हतं. बाकीच्यांनी 'वेव्हर' मागायचा, म्हणजे या एका वर्षाच्या नियमातून सूट. निकालाची वाट पाहणं म्हणजे त्या काळी हे होतं.

एप्रिल 2018 मध्ये या वेव्हरचा निकष जरा रुंद झाला: खेळाडूच्या हाताबाहेरची, कागदोपत्री सिद्ध होणारी परिस्थिती, जिचा त्याच्या आरोग्यावर, सुरक्षिततेवर किंवा स्वास्थ्यावर थेट परिणाम होतो. त्याच महिन्यात ओल मिसमधून मिशिगनला गेलेल्या शे पॅटरसनला मोकळीक मिळाली. फेब्रुवारी 2019 मध्ये जॉर्जियातून ओहायो स्टेटला आलेल्या जस्टिन फील्ड्सला मिळाली, आणि पुढच्याच महिन्यात ओहायो स्टेटमधून मायामीला गेलेल्या टेट मार्टेललाही. पण त्याच वर्षी कोस्टल कॅरोलायनातून व्हर्जिनिया टेकला गेलेल्या ब्रॉक हॉफमनला नकार आला. त्याच्या आईच्या मेंदूतल्या गाठीवर शस्त्रक्रिया झाली होती आणि त्याला घराजवळ राहायचं होतं. कॉलेज घरापासून 100 मैलांच्या आत हवं असा दंडक होता, त्याचं अंतर थोडंसं जास्त भरलं. अपीलही फेटाळलं गेलं. एकाच निकषाचे असे निकाल पाहून लोक चिडले ते बरोबरच होतं. आईची गाठ मैलांत मोजता येत नाही.

एप्रिल 2021 मध्ये सर्व खेळांना एकदा विनाअट बदलाची सवलत मिळाली आणि पहिल्या बदलासाठी वेव्हरचा विषय संपला. भांडण उरलं ते दुसऱ्या बदलाचं. जानेवारी 2023 मध्ये त्यासाठीची कारणं फार कमी केली: शारीरिक वा मानसिक आजार किंवा दुखापत, शारीरिक वा लैंगिक हल्ल्यासारखी आणीबाणी, किंवा शिक्षणात अडथळा आणणारं अपंगत्व. कोच गेला, खेळायला मिळत नाही, घराजवळ यायचंय, ही कारणं बाद.

---

टारहील_निळा

वॉकरचं सांगतो. वरच्या जानेवारी 2023 च्या बदलाचाच तो बळी.

तो आधी नॉर्थ कॅरोलायना सेंट्रलमध्ये होता. कोविडमुळे त्यांचा 2020 चा हंगामच झाला नाही, म्हणजे तिथे तो एकही सामना खेळला नाही. मग केंट स्टेटला गेला, तिथे खेळला आणि तिथून नॉर्थ कॅरोलायनाला आला. एनसीएएच्या हिशेबात हे दोन बदल झाले. विद्यापीठाचं म्हणणं असं की पहिल्या ठिकाणी तो खेळलाच नाही, तेव्हा तो बदल मोजूच नये. शिवाय तो निघाला तेव्हा नवे कडक निकष आलेलेच नव्हते. मानसिक आरोग्य आणि आजीजवळ राहण्याची गरज ही कारणंही अर्जात होती.

ऑगस्ट 2023 मध्ये नकार, सप्टेंबरमध्ये अपिलातही नकार. कोच मॅक ब्राऊन यांनी जाहीर संताप व्यक्त केला, राज्याचे ॲटर्नी जनरल जोश स्टाइन मध्ये पडले. 5 ऑक्टोबरला एनसीएएने नवी माहिती मिळाल्याचं कारण देऊन निर्णय फिरवला आणि तो सिरॅक्यूजविरुद्ध उतरला. तोवर 4 सामने गेले होते. 12 सामन्यांच्या हंगामात 4 म्हणजे एक तृतीयांश. उशिरा मिळालेला न्याय इथे अर्धामुर्धाच ठरतो, कारण गेलेले सामने कुठलीही समिती परत देऊ शकत नाही.

---

कोर्ट_आणि_कंप्लायन्स

पुढचा भाग मी जोडतो. दुसऱ्या बदलानंतर वर्षभर बसवण्याचा तो नियम वॉकरमुळे नाही, कोर्टामुळे पडला. डिसेंबर 2023 मध्ये ओहायोसह सात राज्यांनी वेस्ट व्हर्जिनियाच्या फेडरल कोर्टात दावा लावला आणि 13 डिसेंबरला न्यायाधीश जॉन प्रेस्टन बेली यांनी तात्पुरता मनाई हुकूम दिला. तो हुकूम सुरुवातीला फक्त 14 दिवसांचा होता, आणि ते दिवस फार अवघड होते: खेळाडू उतरला आणि हुकूम उठला तर त्याचा हंगाम खर्ची पडला असं धरायचं का? काही दिवसांतच दोन्ही बाजूंच्या संमतीने हुकूम वसंत हंगामाच्या अखेरीपर्यंत वाढला, तेव्हा कॉलेजांचा जीव भांड्यात पडला. एप्रिल 2024 मध्ये एनसीएएने नियमच बदलला आणि मे अखेरीस दाव्यात तडजोड झाली.

म्हणून आज बदलांची संख्या मोजत बसू नका. खेळाडू अडकतो तो दोनच जागी: हंगामांच्या घड्याळात किंवा क्रेडिटांत, म्हणजे पदवीसाठी पूर्ण केलेल्या अभ्यासाच्या मोजणीत.

आता घड्याळ. पाच कॅलेंडर वर्षांत चार हंगाम. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून कुठल्याही कॉलेजात पहिल्यांदा नाव नोंदवलं की घड्याळ सुरू, मग ते ज्युनिअर कॉलेज का असेना. तुमच्या मुलाची पाच वर्षं 2022, 23, 24, 25, 26. म्हणजे 2026 हे पाचवं वर्ष आणि ते घड्याळात बसतं. हंगाम: 2022 एक, 2024 दोन, 2025 तीन. 2023 मध्ये तो तीनच सामने खेळला. चारपर्यंत सामने खेळले तर हंगाम खर्ची पडत नाही, हा 2018 पासूनचा रेडशर्ट नियम. म्हणून गुडघ्याचा कागद न लावतासुद्धा त्याचा चौथा हंगाम शिल्लक आहे. कुणाच्या निकालाची गरज नाही.

आता हाच गुडघा पाचव्या सामन्यात गेला असता तर? रेडशर्ट संपला. मग वैद्यकीय कारणाने हंगाम परत मागायचा. त्यासाठी दुखापत हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात झालेली हवी, त्या हंगामापुरता तो खेळायला असमर्थ ठरलेला हवा, आणि खेळलेले सामने 30 टक्क्यांच्या आत हवेत. 12 चे 30 टक्के 3.6, वर ओढून 4. पाच सामने झाले की दार बंद, एमआरआय कितीही वाईट असो. मग त्याचे चारही हंगाम संपले असते आणि 2026 साठी तो खरंच निकालाची वाट बघत बसला असता. एका सामन्याने एवढा फरक पडतो, म्हणून जखमी खेळाडूला शेवटच्या दोन मिनिटांत उगाच उतरवणाऱ्या कोचवर राग येतो. एक स्नॅप, म्हणजे एकच चाल, खेळला तरी सामना मोजला जातो.

---

शनिवारचा_सामना

हे फारच स्पष्ट झालं, आभार. पण ज्युनिअर कॉलेजचं वर्ष आता धरत नाहीत असं ऐकलं होतं, डिएगो पाविया प्रकरणानंतर. आणि सहावं वर्ष मिळालेले खेळाडू दिसतात ते कसे?

---

कोर्ट_आणि_कंप्लायन्स

पावियाच्या बाबतीत कोर्टाने हुकूम दिला, पण त्यातून कायमचा नियम तयार झाला नाही. तो 2020 आणि 2021 न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूटमध्ये, 2022 आणि 2023 न्यू मेक्सिको स्टेटमध्ये आणि 2024 व्हँडरबिल्टमध्ये खेळला. 2020 कोविडमुळे कुणाचंच धरलं नाही, उरलेले चार भरले. 18 डिसेंबर 2024 रोजी टेनेसीच्या फेडरल कोर्टाने त्याच्या बाजूने हुकूम दिला आणि तो 2025 खेळला. त्यानंतर एनसीएएने अशाच स्थितीतल्या इतरांना सरसकट सूट दिली, पण ती 2025-26 या एका वर्षापुरती. तिच्या भरवशावर 2026 चं गणित मांडू नका.

सहाव्या वर्षासाठी पाच वर्षांचं घड्याळ वाढवून घ्यावं लागतं. त्याला एक हुकलेला हंगाम पुरत नाही. हाताबाहेरच्या कारणाने दोन हंगाम गेलेले दाखवावे लागतात.  बहुतेक अर्ज इथेच पडतात.

आणि अर्ज खेळाडू करत नाही, हे लक्षात घ्या. नव्या विद्यापीठाचं कंप्लायन्स ऑफिस, म्हणजे नियमपालन बघणारं कार्यालय, तो करतं, पण दुखापतीचे कागद जुन्या विद्यापीठाच्या ट्रेनिंग रूममध्ये असतात. निघायच्या आधी आपली पूर्ण फाइल मागून घ्यावी: त्या वेळी तपासलेल्या डॉक्टरची तारखेसह नोंद, शस्त्रक्रियेचा अहवाल, आणि 'या हंगामात खेळू शकणार नाही' असं तेव्हाच लिहिलेलं वाक्य. दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरने आठवणीवरून दिलेलं पत्र फार उपयोगी पडत नाही. मानसिक आरोग्याच्या अर्जांतही तेच. उपचार बदलाच्या आधी सुरू होते हे कागदावर दिसलं पाहिजे.

---

क्रेडिट_मोजणारी

वर सगळ्यांनी घड्याळावर भर दिला. तुमच्या उदाहरणातला मुलगा अडकलाच तर क्रेडिटांत अडकेल.

2024 च्या नियमाला अट आहे: जुन्या कॉलेजातून निघताना तो अभ्यासात पात्र हवा, शिस्तभंगाची कारवाई अंगावर नसावी, आणि नव्या कॉलेजात उतरण्याआधी पदवीकडची प्रगती पुरेशी हवी. दुसरं वर्ष संपताना पदवीचा 40 टक्के भाग, तिसरं संपताना 60, चौथं संपताना 80. पदवी 120 क्रेडिटांची धरली तर 48, 72 आणि 96.

मेख अशी की हे आकडे *नव्या* विद्यापीठातल्या *निवडलेल्या* पदवीला लागू पडणाऱ्या क्रेडिटांचे असतात. ट्रान्सक्रिप्टवर 100 दिसतात, पण नव्या ठिकाणच्या बिझनेसच्या अभ्यासक्रमात त्यातली 78 च बसतात. मग पाचव्या वर्षासाठी 18 कमी पडली. जितक्या वेळा बदल, तितकी गळती. आणि हा मुलगा तिसऱ्या ठिकाणी आहे.

त्याला उपाय दोन. जास्तीत जास्त क्रेडिट सामावून घेणारी पदवी निवडायची, आणि वसंत सत्र व उन्हाळ्यात तूट भरायची. वसंतात 15 आणि उन्हाळ्यात 9 झाली तर 24 भरतात, पण प्रत्येक क्रेडिटचा त्या पदवीत उपयोग झाला पाहिजे. सही करण्याआधी रजिस्ट्रारकडून लेखी मूल्यमापन मागावं. 'बघू, बसवून घेऊ' हे कोचचं तोंडी आश्वासन असतं, क्रेडिट कोच ठरवत नाही.

याहून सोपा मार्ग म्हणजे आधीच्याच ठिकाणी पदवी पूर्ण करून मग पदव्युत्तर प्रवेश घेऊन बदलणं. तेव्हा ही टक्केवारी लागत नाही.

फुटबॉलला आणखी एक वेगळी अट आहे. शरद सत्रात किमान 9 क्रेडिट मिळवलीच पाहिजेत, नाहीतर पुढच्या हंगामाचे पहिले 4 सामने बाहेर. डिसेंबरात बदल ठरला की मुलं परीक्षेकडे पाठ फिरवतात आणि ऑगस्टमध्ये हे समोर येतं. बातमीत तेव्हा नुसतं 'निकाल बाकी' छापून येतं, मूळ मात्र डिसेंबरच्या न दिलेल्या पेपरात असतं.

---

टारहील_निळा

पोर्टलच्या तारखेबद्दल एक भर. नाव टाकायची एप्रिलची खिडकी बंद झाली, 2026 च्या हंगामासाठी ती 2 ते 16 जानेवारी 2026 एवढीच होती. हेड कोच बदलला तर त्या संघाच्या खेळाडूंना 15 दिवस वेगळे मिळतात. या मुदतीत नाव टाकायचं असतं, नवं कॉलेज नंतर ठरवलं तरी चालतं. मात्र पुष्कळ विद्यापीठांचं वसंत सत्र याच पंधरवड्यात सुरू होतं. उशिरा प्रवेशाची शेवटची तारीख हुकली तर वर सांगितलेली वसंतातली 15 क्रेडिट गेली. आणि नाव टाकलं की चालू सत्र संपल्यावर जुनं कॉलेज स्कॉलरशिप काढू शकतं, परत घ्यायला ते बांधील नाही.

---

शनिवारचा_सामना

म्हणजे माझ्या उदाहरणातल्या मुलाला एनसीएएकडे काही मागायचंच नाही. रजिस्ट्रारकडून 96 चा आकडा पक्का झाला आणि शरद 2025 ची 9 क्रेडिट हातात असली की पहिल्या शनिवारी तो उतरू शकतो. बरोबर?

---

क्रेडिट_मोजणारी

बरोबर. फक्त ते 96 उन्हाळी सत्राचे गुण लागल्यानंतरचे हवेत. पुष्कळ ठिकाणी ते ऑगस्टच्या मध्यावर लागतात, आणि तोपर्यंत त्याच्या नावापुढे तुम्ही वाचलेले तेच शब्द असतील.