अ‍ॅशच्या रेघांवरून ‘माणूस मेंढरूच’ म्हणता येतं का?

प्रश्न (पाटीपेन्सिल): बीएच्या मुलांसाठी ‘व्यक्ती आणि लोकमत’ यावर तासाभराचं सत्र घ्यायचंय. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅशच्या प्रयोगाने सुरुवात करावी म्हणतोय. तो वर्गात करून दाखवता येईल का? आणि ‘माणूस कळपामागे जातो’ हा निष्कर्ष पुरेसा आहे का?

उंबरठा: पुरेसा नाही. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. जुळणारी कोणती ते मोठ्याने सांगायचं. खोलीत सात-नऊ जण, पण त्यात अजाण एकच, बाकी सगळे पढवलेले. १८पैकी १२ फेऱ्यांत ते एकमुखाने चुकीचं उत्तर देतात. त्या फेऱ्यांत ३७ टक्के उत्तरं कळपाच्या बाजूने गेली. दबाव नसताना चूक एक टक्क्याहून कमी होती, म्हणजे दबाव खराच. पण बाकीची ६३ टक्के उत्तरं बरोबर होती आणि साधारण पाव लोक एकदाही बधले नाहीत. हे मात्र खुशाल गाळलं जातं. न बधलेलेही निर्धास्त नव्हते बरं का. ‘चूक बहुधा माझीच असेल, पण दिसतंय ते हेच’ अशा थाटात काहींनी उत्तरं दिली.

जोडाक्षर: खरा मुद्दा पुढच्या प्रयोगांत आहे. विरोधात तिघं असले की दबाव जवळजवळ पुरा. संख्या आणखी वाढवून फारसा फरक पडत नाही. एक जरी खरं बोलणारा सोबत दिला, तर नमण्याचं प्रमाण पावपट होतं. तोच सोबती मध्येच फितूर झाला, की ते पुन्हा उसळतं. एकाकी वीराची कल्पना इथेच ढिली पडते. आपल्याकडचे आगरकर घ्या. त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, हे सगळे सांगतात. पण १८८८मध्ये ‘सुधारक’ निघाला तेव्हा इंग्रजी बाजू गोखले सांभाळत होते, हे कोण सांगतं?

उंबरठा: आगरकरांचं पटलं. पण तिथे पणाला अब्रू होती, इथे नुसती रेघ. तेवढा फरक वर्गात सांगाच.

जोडाक्षर: आणि वर्गात करताना सहाजण आदल्या दिवशी पढवा. पहिल्या दोन फेऱ्यांत खरं उत्तर द्यायला सांगा, नाहीतर लगेच संशय येतो. हसू आवरत नाही त्याला घेऊ नका, तिथेच बिंग फुटतं. अजाण मुलाला शेवटून दुसरा बसवा. उत्तरं कागदावर लिहून घेतलीत तर दबाव बराच उतरतो; तीही एक फेरी ठेवा. संपल्यावर त्या मुलाला सगळ्यांसमोर उलगडा करून सांगा, पण त्याची उत्तरं फळ्यावर मांडू नका.