प्रेमाला क्वारंटाइन नसतं, म्हणे!

खिडकीतली

पुण्यातल्या आमच्या प्राणीप्रेमी ग्रुपवर काल एक पोस्ट फिरत होती. गाडीच्या बॉनेटमधून काढलेलं, भिजलेलं, डोळे चिपडांनी चिकटलेलं दीडेक महिन्याचं मांजराचं पिल्लू. घरी आणलं आणि त्याच संध्याकाळी लॅब्रडोर नि म्हाताऱ्या मांजरीच्या मध्ये एकाच गादीवर बसवून फोटो काढला. खाली ओळ : 'प्रेमाला क्वारंटाइन नसतं.' बदामांचा नुसता पाऊस. मी लिहिलं, बाई, निदान दोन आठवडे वेगळं ठेवा. उत्तर आलं, 'निगेटिव्हिटी नको प्लीज.' मग इथंच लिहिते सगळं.

पिल्लू वाचवलंत, शाबास. पण त्याच्या पोटात, कानात, कातडीवर काय आहे ते पहिल्या दिवशी ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. चिकटलेले डोळे म्हणजे बहुतेक वेळा कॅट फ्लू, मांजरांची संसर्गजन्य सर्दी. तो शिंकेतून, वाटीतून, तुमच्या हातांतूनही म्हातारीकडे जातो. मांजरांच्या पार्वोची, म्हणजे उलट्या-जुलाबाच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाची, लक्षणं दिसायला आठवडाभर, कधी जास्तही लागतो. तोवर पिल्लू टुणटुणीत दिसतं. विषाणू इतका चिवट की घरात वर्षभर तग धरतो आणि फिनेलला भीक घालत नाही. त्याला ब्लीच लागतं, एक भागाला ३२ भाग पाणी. फिनेल मात्र मांजरालाच बाधतं, कारण त्यातले घटक तिच्या यकृताला नीट निपटता येत नाहीत. लॅबला मांजराचा पार्वो सहसा होत नाही, हे मान्य. पण पिसवा, जंत आणि नायटा यांना जात-पात नाही. नायटा तर माणसांनाही होतो.

त्या फोटोत म्हातारीचे कान मागे चपटे होते, शेपूट अंगाखाली. ते कुणालाच दिसलं नाही. घर आधी तिचं आहे. तिला विचारलं का कुणी?

वनआरके_डोंबिवली

'वेगळं ठेवा.' कुठं ठेवा? आमच्याकडे एक खोली, स्वयंपाकघर आणि माणसं पाच. वेगळी खोली असती तर आधी मीच राहिलो असतो तिथं.

हे जे नियम तुम्ही थ्री बीएचकेवाले सांगता ना, त्यानं एकच होतं. माणूस विचार करतो की आपल्याला हे जमणार नाही, आणि पिल्लू गटाराच्या कडेला राहतं. आम्ही आणलं, थेट कुत्र्यासमोर ठेवलं. आमचा काळू रस्त्यावरचाच. त्यानं हुंगलं, चाटलं, संपलं. आज दोघं एका पोत्यावर झोपतात. दूध पाजून वाढवलंय, गुटगुटीत आहे. प्रेम म्हटल्यावर लोकांना एवढं झोंबतं कशाला तेच कळत नाही.

बोकोबा

काळूनं चाटलं, तुमचं नशीब. दुसऱ्या एखाद्या कुत्र्यानं मान धरून दोन झटके दिले असते तर तुम्ही ही गोष्ट सांगायला इथं आला नसता. नशीब चांगलं निघालेलेच किस्से सांगतात, बाकीचे गप्प बसतात.

बाथरूम आहे ना घरात? खोका, जुनी चादर, शी-शूसाठी मातीचा ट्रे, आंघोळीच्या वेळी पिल्लू बाहेर पिंजऱ्यात. पिंजरा ओळखीत कुणाकडे तरी पडून असतोच. हात धुवायचे, त्याच्याजवळ बसताना वेगळा शर्ट घालायचा. मग वासाची सवय व्हावी म्हणून एकाचं फडकं दुसऱ्याच्या वाटीखाली, दाराच्या दोन बाजूंना दोघांचं जेवण, मग जाळीतून दर्शन, आणि शेवटी कुत्रा पट्ट्यात असताना भेट. पहिले काही दिवस फिस्कारणार, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आणि कुत्रेवाल्यांनी हे वाचाच. गोचिडांसाठी कुत्र्याच्या मानेवर जे थेंब टाकता त्यात पर्मेथ्रिन हे कीटकनाशक आहे का बघा. असेल तर मांजराला ते विष आहे. ते थेंब मांजराला टाकणं सोडाच, थेंब वाळायच्या आत पिल्लू त्या कुत्र्याला बिलगून झोपलं तरी आकडी येऊ शकते. एका पोत्यावर झोपतात म्हणालात, म्हणून विचारतो, काळूला काय टाकता?

वनआरके_डोंबिवली

काही टाकत नाही. गोचिडी हातानं काढतो. झालं समाधान?

आडगावकर

काय एकेक चोचले! आमच्या वाड्यात गाई, कुत्रा, कोंबड्या, मांजरं सगळी एकत्र वाढली. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते, तेव्हा काय प्रत्येक घरात क्वारंटाइन करते का? आणि मुळात ते पिल्लू उचललंच कशाला? आई शिकारीला गेली असेल. तुम्ही शहरी माणसं मांजरीची पोरं पळवता आणि त्याला रेस्क्यू म्हणता.

खिडकीतली

आई जवळ असू शकते, लांबून काही तास वाट बघावी, हे खरं. फक्त बॉनेटमधल्या पिल्लाला ते लागू नाही. गाडी सुरू झाली असती.

बाकी सात घरांचं म्हणाल, तर त्या सात घरांतून चारातली किती पिल्लं मोठी होतात? वाड्यात मेलेली पिल्लं कुणी मोजत नाही, म्हणून वाड्यात रोग नसतो.

सदाशिवपेठी

वनआरके, दुधावर वाढवलंत ते उत्तम. आमची मनी आयुष्यभर दूधभात नि तूप-पोळीवर राहिली. आमच्या घरात अंडंही येत नाही. चांगली म्हातारी होऊन गेली. हल्ली ती पाकिटं आणि कोंबडीचे तुकडे यांचं फॅड झालंय. शाकाहारी घरात मांजर सुखानं राहते.

बोकोबा

हे वाचायचंच बाकी होतं. अहो, मांजराला टॉरिन नावाचं अमिनो आम्ल लागतं आणि ते तिच्या अंगात पुरेसं बनत नाही. घरच्या खाण्यात ते मांस-मासळीशिवाय पुरेसं मिळत नाही. टॉरिन नसलं की डोळ्याचा पडदा खराब होतो, हे १९७५ मध्ये सिद्ध झालं. हृदय मोठं होऊन निकामी होतं, हे १९८७ मध्ये. त्यानंतर कंपन्यांनी मांजरांच्या खाण्यात टॉरिन वाढवलं. कुत्र्याच्या खाण्यात ते मांजरापुरतं नसतं, म्हणून कुत्र्याच्या वाटीतलंही चालत नाही. आणि गाईच्या दुधानं बहुतेक पिल्लांना हगवण लागते.

तुमची मनी दूधभात घरी खायची आणि मांसाहार शेजारी करायची. अंगणात उंदीर होते, पाली होत्या, चिमण्या होत्या. चौथ्या मजल्यावरच्या जाळी मारलेल्या फ्लॅटमध्ये कुठून आणणार?

सदाशिवपेठी

म्हणजे आता आम्ही मांजर पाळायचीच नाही? आमच्या सोसायटीत कोंबडी शिजवली तर सेक्रेटरी दारात येतो.

जवळा_सुकट

आला मुद्द्यावर! मला भाड्यानं घर नाकारलं होतं, कारण विचारलं तर 'मासळीचा वास'. मांजराला दूधभात घालून पुण्य मिळवायचं आणि बोंबील खाणाऱ्याला घर द्यायचं नाही. मांजराला तुमचा सोवळेपणा कळत नाही हो. ती आमच्याकडेच येऊन जेवते. आमच्या गिरगावातल्या चाळीत सगळ्या शाकाहारी घरांच्या मांजरी दुपारी आमच्या दारात असायच्या.

सदाशिवपेठी

कृपया जातीवर जाऊ नका. मी मांजराबद्दल लिहिलं होतं.

जवळा_सुकट

मी जातीचा ज-ही काढला नाही. तुम्हीच काढलात.

गोंयकार

आमचेर ही कटकट ना! मांजराला बांगड्याचं डोकं. भांडण संपलं.

बोकोबा

संपलं नाही. रोज कच्ची मासळीच घातली तर काही माशांतल्या घटकामुळे बी-वन जीवनसत्त्व नष्ट होतं आणि मांजर लडखडायला लागतं. शिजवून द्या, आणि नुसती तीच देऊ नका. दूधभातवाल्यांचं आणि बांगडेवाल्यांचं, दोघांचंही चुकतं.

गोंयकार

देव बरें करूं. आमची मांजरं हे वाचून हसतायत.

ठाण्याचा_मिठू

मूळ विषयावर येऊ का? आमच्याकडे पोपट आहे. पिल्लू आणलं तर चालेल?

खिडकीतली

कंठवाला हिरवा पोपट? वन्यजीव संरक्षण कायद्याखाली (१९७२) तो पाळणंच गुन्हा आहे. मांजराचं नंतर बघू.

ठाण्याचा_मिठू

लव्हबर्ड म्हणायचं होतं.

खिडकीतली

हो, हो, लव्हबर्डच. नावही 'मिठू' आहे, अगदी लव्हबर्डाला शोभेल असं. मग ऐका. पिंजरा मांजराच्या आवाक्याबाहेर एवढं पुरत नाही, दार लावलेली खोली हवी. मांजराच्या तोंडातल्या जिवाणूंमुळे एक साधा ओरखडाही पक्ष्याला जिवावर बेतू शकतो. रक्त दिसलं नाही म्हणून वाट बघू नका.

वनआरके_डोंबिवली

बघा, मूळ प्रश्नाचं झालं काय! मी विचारलं होतं खोलीचं, तुम्ही पोहोचलात बांगड्यापर्यंत.

बाथरूमचं पटतं. ते आधी कुणी म्हटलं असतं तर मी इतका तापलो नसतो. ग्रुपवर सगळे 'सेपरेट रूम, सेपरेट रूम' एवढंच ओरडतात. दूधही कमी करतो, पिल्लाला मधूनमधून पातळ होत होतं ते आता कळलं. बोकोबांना श्रेय देतोय, नाइलाजानं.

खिडकीतली

बरं, 'वेगळी खोली' शब्द मागे घेते. 'बंद होणारं दार' म्हणते. पण तुमच्या काळूचं उदाहरण मी मानणार नाही. आमच्या वरच्या मजल्यावर लस न दिलेली तीन मांजरं होती. पिल्लू आणलं, ते जगलं आणि आधीची दोन गेली. ज्या दवाखान्यात नेलं तिथं सांगितलं, 'साधी उलटी आहे, उद्या बघू.' उद्या उशीर झाला.

आडगावकर

लस दिली असती तर मेली नसती. म्हणजे प्रश्न लसीचा. क्वारंटाइनचं कशाला दामटताय?

बोकोबा

मोठ्यांची लस आधी पूर्ण हवी हे आडगावकरांचं म्हणणं बरोबर आहे. (हे मी लिहिलंय यावर माझाच विश्वास बसत नाही.) पण पिल्लाला पहिल्या डोसनं लगेच संरक्षण मिळत नाही. आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे डोस वाया जाऊ शकतो, म्हणून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यायचे असतात. तोवर दार.

आणखी एक, म्हाताऱ्या बोक्याबद्दल. आमच्या पेशव्याला नवीन पिल्लाच्या धसक्यानं लघवी अडकली. ट्रेमध्ये सारखा जाऊन बसायचा, थेंब नाही. लोकांना वाटतं बद्धकोष्ठ. बोका असा बसला तर सकाळची वाट बघायची नाही, एक-दोन दिवसांत जीव जातो. आमचा वाचला, खिसा नाही वाचला. म्हातारीला विचारलं का, या खिडकीतलीच्या प्रश्नावर हसणाऱ्यांनी ते बिल बघावं.

जवळा_सुकट

पेशवा? वा. आणि शाकाहारी?

बोकोबा

सुरमई खातो. तुमच्याइतकाच.

सदाशिवपेठी

मी पाकीट आणून बघते. वास कमी असलेलं असतं का? सेक्रेटरीला कळायला नको.

वनआरके_डोंबिवली

मला एवढंच सांगा, काळू मातीच्या ट्रेमधलं उकरून खातो. त्यावर उपाय काय?

खिडकीतली

झाकणवाला ट्रे, तोंड भिंतीकडे, मध्ये पिल्लापुरती फट. किंवा बाथरूमचं दार हुकानं एवढंच उघडं ठेवा की काळूचं डोकं अडकेल.

वनआरके_डोंबिवली

डोकं अडकवून ओरडत बसेल तो. बरं, करून बघतो.

आडगावकर

आमच्याकडे ट्रेच नाही, त्यामुळे हा प्रश्नच नाही.

जवळा_सुकट

तुमच्या शेजाऱ्यांच्या अंगणाला विचारा.