मदत हवी आहे: बौद्धिक अक्षमता असलेल्या ताईला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे की नाही, हे ठरवायचं कसं?

माझ्या मोठ्या बहिणीला डाऊन सिंड्रोम आहे. वय ४८. बोलणं मोजकं, पण स्वतःचं आवरणं, कपड्यांच्या घड्या, कार्यशाळेत पाकिटं चिकटवणं हे सगळं तिचं ती करायची. गेल्या वर्षभरात यातलं एकेक सुटत चाललंय. आंघोळीला गेली की नळाकडे बघत उभी राहते. बटणं लावता लावता मधेच थांबते. पायऱ्या उतरायला घाबरते. हट्टी ती पहिल्यापासूनच, पण आताचा हट्ट वेगळा आहे. पूर्वी तिला काहीतरी हवं असायचं, आता काहीच नको असतं.

मात्र नावं विसरत नाही. घरातल्या सगळ्यांना बरोबर हाका मारते. म्हणून माझा जास्त गोंधळ होतोय.

दोन डॉक्टर झाले. पहिले म्हणाले, 'या मुलांचं असंच असतं, वय झालं की मंदावतात.' (४८ वर्षांची बाई अजून 'मूल'च!) दुसऱ्यांनी आजचा वार, तारीख विचारली आणि शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. ताईला वजाबाकी कधीच येत नव्हती. अर्थातच गुण जवळपास शून्य, आणि कागदावर 'डिमेन्शिया' लिहून मोकळे. ही चाचणी तिशीत घेतली असती तरी तेवढेच गुण पडले असते.

ज्याला मुळातच अशा चाचण्या जमत नाहीत, त्याचं निदान नेमकं कशावरून करतात? तिसऱ्या डॉक्टरांकडे जाताना काय घेऊन जाऊ? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

आडवाट (प्रतिसाद): आधी कान तपासून घ्या. माझ्या भावाच्या बाबतीत आम्ही असेच घाबरलो होतो. त्याला हाक ऐकूच येत नव्हती, दोन्ही कानांत मळ घट्ट बसला होता. डाऊन सिंड्रोममध्ये कानाची नळी अरुंद असते, त्यामुळे हे वारंवार होतं.

पुनर्वसन: मी या क्षेत्रात मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. ताईंना तपासलेलं नसल्यामुळे जे सर्वसाधारणपणे लागू आहे तेवढंच लिहिते.

तुमची शंका रास्त आहे. डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, आणि अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारा पदार्थ) ज्या प्रथिनापासून तयार होतं त्याचं जनुक नेमकं त्याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे चाळिशीपर्यंत जवळपास सगळ्यांच्या मेंदूत अल्झायमरसारखे बदल दिसतात. पण मेंदूत बदल असणं आणि डिमेन्शिया होणं एक नव्हे. निदान बहुतेकदा पन्नाशी ओलांडल्यावर होतं, काहींचं त्याआधीही. नावं आठवतात यावर फार विसंबू नका. या लोकांमध्ये सुरुवात बरेचदा स्वभावापासून होते: उत्साह जातो, हट्ट वाढतो, कामाचा क्रम चुकतो. विसरणं नंतर लक्षात येतं.

तारीख-वार विचारणारी चाचणी इथे कुचकामी आहे हे तुमचं म्हणणं बरोबर. ताईंची तुलना इतरांशी करायचीच नसते, त्यांच्याच पूर्वीच्या पातळीशी करायची असते. ती पातळी डॉक्टरांना माहीत नसते, तुम्हाला असते. म्हणून यासाठीच्या प्रश्नावल्या रोजच्या सहवासातल्या माणसाने भरायच्या असतात. डीएसक्यूआयआयडी आणि एनटीजी-ईडीएसडी ही दोन नावं डॉक्टरांना सांगा. दोन्ही चाळणीसाठी आहेत, त्यांच्यावरून थेट निदान होत नाही. कॅमडेक्स-डीएस जास्त सविस्तर आहे. त्यात घरच्यांची मुलाखत असते आणि त्या व्यक्तीला झेपतील अशा छोट्या चाचण्याही.

आता पायऱ्यांचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण याची कारणं बरीच असू शकतात. डिमेन्शियात पायरी किती खोल आहे याचा अंदाज चुकतो, हे एक. पण मोतीबिंदूमुळेही पायरीची कड दिसत नाही, आणि डाऊन सिंड्रोममध्ये तो लवकर होतो. तिसरी शक्यता मानेची. वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असेल तर मज्जारज्जूवर दाब येऊन चाल बिघडते, कधी लघवीवरचा ताबाही जातो. हे निसटलं तर नुकसान कायमचं होऊ शकतं. चालण्यात फरक, हातांतली ताकद कमी होणं किंवा मान वाकडी धरणं यातलं काहीही असेल तर आधी मान दाखवा, बाकीचं मागाहून.

त्याशिवाय हेही तपासून घ्या: थायरॉईड, बी १२ जीवनसत्त्व, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, चालू असलेल्या गोळ्या. झोपेत घोरून मधेच श्वास थांबत असेल तर माणूस दिवसभर ताईंसारखाच वागू शकतो. आणि घरात कुणी गेलं, राहण्याची जागा बदलली, कार्यशाळेतली ओळखीची बाई सोडून गेली, असं काही झालंय का? दुःख बोलून दाखवता येत नाही तेव्हा ते असंच बाहेर पडतं.

खिडकीपाशी: स्पष्ट बोलते, राग मानू नका. आजाराचं नाव कळून काय करणार? औषध तर नाहीच. २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत चाळिशीपुढच्या डाऊन सिंड्रोमच्या लोकांना वर्षभर मेमँटिन हे अल्झायमरवरचं औषध देऊनही फायदा दिसला नव्हता. सांभाळायचं ते आहेच.

पुनर्वसन: @खिडकीपाशी, चाचणीबद्दलचं खरं आहे. डोनेपेझिल हे अल्झायमरवरचं दुसरं औषध काही डॉक्टर देतात, पण त्याने नाडी मंदावू शकते, त्यामुळे हृदयाची तपासणी आधी. तरी नाव कळण्याला अर्थ आहे. डिमेन्शिया नसेल तर थायरॉईड किंवा मोतीबिंदूवर उपचार होतो आणि गेलेलं बरंच परत मिळतं. असेल तर घरचे 'मुद्दाम करते' म्हणून ओरडायचे थांबतात. शिवाय उतारवयात पहिल्यांदाच फीट येणं किंवा सकाळी हातपाय झटकले जाणं ही डाऊन सिंड्रोममधल्या डिमेन्शियाबरोबर नेहमी दिसणारी गोष्ट आहे. आधीच माहीत असलेलं बरं.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. गोळ्या, झोप, मान यातलं आम्हाला कुणी विचारलंही नव्हतं. ताई रात्री जोरात घोरते. घरात कुणी गेलेलं नाही, पण कार्यशाळेची वेळ आणि गट बदललाय. एक शंका: एमआरआय करावा का? भूल द्यावी लागेल म्हणतात. आणि पूर्वीची पातळी दाखवायला माझ्याकडे लेखी काही नाही, कार्यशाळेचे थोडे अहवाल आणि फोनमधले जुने व्हिडिओ आहेत. ते चालतील?

पुनर्वसन: एमआरआयवरून एकट्याने निदान होत नाही. मेंदूतली गाठ, रक्तस्राव, पाणी साठणं वगळायला तो उपयोगी. चाल बिघडली आहे म्हणून मानेच्या तपासणीसोबत डॉक्टर ठरवतील. भुलीआधी मानेचं आणि घोरण्याचं त्यांना नक्की सांगा, भूल देताना दोन्हींची काळजी घ्यावी लागते.

व्हिडिओ तर उत्तमच. ताई स्वतः काहीतरी करताना दिसतील असे निवडा, घड्या घालतानाचा असेल तर सोनंच. प्रत्येकावर वर्ष लिहा. तेच काम आज करतानाचा एक काढा, मधे न बोलता, न सुचवता. सहा महिन्यांनी परत एक.