नवऱ्याच्या नोकरीसाठी इकडे आले, मला मात्र आयटीत नोकरी मिळेना – मदत हवी आहे

मीच_ती:
नमस्कार. नवऱ्याला इकडे नोकरी लागली म्हणून माझी चांगली चाललेली सोडून आले. चौदा महिने झाले. शंभरावर अर्ज, इंटरव्ह्यू फक्त दोन. बाकीच्या मेलमध्ये मी आता एकच शब्द शोधते, 'लायडर', म्हणजे 'दुर्दैवाने'. तो दिसला की पुढचं वाचतच नाही. परवा रात्री दीडला अर्ज केला, दहा मिनिटांत नकार. इतक्या रात्री कोण जागं असतं माझा सीव्ही वाचायला? सीव्ही तीनदा बदलून झालाय. 'धीर धर' सोडून काहीही सांगा.

पॅसिफिककर:
ताई, एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, ईएडीशिवाय (कामाच्या परवान्याशिवाय) काम करता येत नाही. २६ मे २०१५ पासून एच-४ वाल्यांना ईएडी मिळू लागलं, पण त्यासाठी नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठीचा कंपनीचा अर्ज) मंजूर झालेलं हवं किंवा त्याच्या एच-१बी व्हिसाला सहा वर्षांच्या पुढचं एक्स्टेन्शन तरी. ईएडीचा अर्ज, आय-७६५, भरलाय का? आधी ते बघा, सीव्ही नंतर.

दुपारचा_चहा:
अहो, अमेरिका कुठून आणलीत? 'लायडर' म्हणतायत त्या. जर्मन दिसतंय.
धागाकर्त्या, देश कुठला, व्हिसा कुठला, काम कशातलं, भाषा किती येते? हे नसताना उत्तर देणं म्हणजे फोनवरून नाडी बघणं.

मीच_ती:
सॉरी. जर्मनी, श्टुटगार्ट. टेस्टिंग, सहा वर्षं. व्हिसा डिपेंडंट.

जुना_प्रोग्रॅमर:
टेस्टिंग संपलं. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. क्लाउडचं सर्टिफिकेट करा, तीन महिन्यांत होतं. मी वायटूकेच्या वेळी (२००० सालच्या तारखांचा गोंधळ) कोबोलसारखी जुनी भाषा धरून बसलो नाही, म्हणून आज इथे आहे.

राईनकाठची:
काका, तुमचा वायटूके प्रत्येक धाग्यात येतो.
ताई, सर्टिफिकेट राहू दे, जर्मन कर. इंटेग्रात्सिऑन्सकुर्समध्ये (नवीन आलेल्यांसाठीचा सरकारी वर्ग) साधारण ६०० तास भाषा आणि १०० तास बाकीची माहिती, त्यातून बी१ या मधल्या पातळीपर्यंत जातेस. खरी दारं त्याच्या वरच्या बी२ ला उघडतात. त्यासाठी सरकारी बेरूफ्सश्प्राखकुर्स, म्हणजे नोकरीच्या भाषेचा वर्ग असतो, चौकशी कर. माझ्या टीमच्या मीटिंग इंग्रजीत होतात, पण मीटिंग संपून कॉफीच्या मशिनशी गेलं की सगळे जर्मन. निम्मे निर्णय तिथेच होतात.

मीच_ती:
बी१ झालंय. लिहायचं राहिलं. आणि चार वर्षं ऑटोमेशन केलंय, म्हणजे कोड लिहून टेस्टिंग, सेलेनियम आणि जावा.

दुपारचा_चहा:
हे आधी सांगायचं ना! "टेस्टिंग, सहा वर्षं" वाचून मी मॅन्युअल, हाताने केलेलं टेस्टिंग, धरून चाललो होतो. सीव्हीतही असंच लिहिलंय का?

कागदपत्रवाला:
पदवीची मान्यता घेतलीत का? अनाबिनवर (परदेशी पदव्यांची जर्मन यादी) तुमचं विद्यापीठ एच-प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, आहे का बघा. त्याशिवाय काही होत नाही.

राईनकाठची:
असं सरसकट सांगू नका हो. आयटी डॉक्टरकीसारखं परवान्याचं क्षेत्र नाही. हिला स्वतःचं ब्लू कार्ड (पदवीधरांचा कामाचा परवाना) घ्यायचं असेल तर पदवीचा प्रश्न येईल. नवऱ्यामागून मिळालेल्या परवान्यावर नोकरी करायला तो कागद लागत नाही.

कागदपत्रवाला:
लागत नाही, पण असलेला बरा. आणि सीव्हीवर फोटो लावा. जर्मनांना फोटो लागतो.

राईनकाठची:
२००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यापासून फोटो मागायचं बंद होत चाललंय. मी लावला नव्हता, तरी मिळाली नोकरी.

कागदपत्रवाला:
मी लावला, मलाही मिळाली.

खिडकीतली_मनी:
फोटोवरून भांडून झालं असेल तर एक विचारते. ताई, ऑनलाइन अर्जात एक प्रश्न असतो बघ, 'व्हिसासाठी कंपनीची मदत लागेल का?' त्याला तू काय उत्तर देतेस?

मीच_ती:
खरं तेच देते. व्हिसा नवऱ्यावर अवलंबून आहे, म्हणून 'हो'. सीव्हीतही नावाखाली 'डिपेंडंट व्हिसा' लिहिलंय. उगाच लपवाछपवी नको.

खिडकीतली_मनी:
अगं!! लपवण्यासारखं त्यात आहे काय? तुझं कार्ड काढ. त्यावर 'एर्वेर्ब्सटेटिशकाइट एर्लाउप्ट' छापलंय का?

मीच_ती:
हो. छापलंय. बारीक अक्षरात. म्हणजे नोकरीची परवानगी आहे एवढं माहीत होतं मला.

खिडकीतली_मनी:
मग कंपनीने तुझ्यासाठी काहीच करायचं नाहीये. ना अर्ज, ना पगाराची अट. उत्तर 'नाही'. तू 'हो' म्हणतेस आणि यंत्र तुला माणसापर्यंत पोचूच देत नाही. रात्री दीडला तेच जागं होतं. ते 'डिपेंडंट' काढ आणि लिही: 'जर्मनीत काम करण्याची पूर्ण परवानगी, लगेच रुजू होऊ शकते.' इथे तीन-तीन महिन्यांचा नोटीस पीरियड असतो लोकांना, 'लगेच' हा शब्द तुझ्या कामाचा आहे.

मीच_ती:
चौदा महिने.
नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "मला वाटलं तुला माहीत असेल." पुढचं इथे लिहीत नाही.

दुपारचा_चहा:
सगळे नकार त्यामुळेच आले असं नाही, दोन-तीन दिवसांनी आलेल्यांचं कारण वेगळं असू शकतं. पण दहा मिनिटांतले बहुधा त्याचेच. सेलेनियम-जावा वर घ्या, गेल्या चौदा महिन्यांत बी१ केलं हे तारखेसकट लिहा. रिकामी जागा दिसली की लोक नको ते समजतात.

जुना_प्रोग्रॅमर:
भारतातल्याच कंपनीचं काम घरून का करत नाही? वेळही जुळते.

खिडकीतली_मनी:
काका, जर्मनीत बसून केलं की कर आणि सामाजिक विम्याचा गुंता होतो. सल्लागाराला न विचारता नकोच.

श्टुटगार्टचा_शेजारी:
अवांतर: नोकरी लागलीच तर करवर्ग बघा. नवरा ३ मध्ये (कर कमी कापतात) आणि तुम्ही ५ मध्ये (जास्त कापतात) असाल, तर हातात येणारा पगार बघून रडू येईल. माझ्या बायकोने पहिली पगारपावती बघून 'यासाठी उठायचं का सकाळी' विचारलं होतं. वर्षाच्या विवरणपत्रात हिशेब सरळ होतो. नाहीतर दोघं ४-४ घ्या, दोघांना सारखा नियम.

कागदपत्रवाला:
४-४ कशाला? पगारात फरक जास्त असेल तर ३-५ च बरं.

मीच_ती:
आज सहा अर्ज केले, त्या व्हिसाच्या प्रश्नाला सगळीकडे 'नाही' लिहिलं. सकाळपासून चार तास झाले, एकही 'लायडर' नाही. खिडकीतली_मनी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, सीव्ही बघशील का?

पॅसिफिककर:
धागा आत्ता पूर्ण वाचला. जर्मनी होय! तरी कुणाला उपयोग होईल म्हणून सांगतो, अमेरिकेत एल-२ वरच्या (कंपनीने बदलीवर पाठवलेल्याच्या) जोडीदाराला वेगळं ईएडी लागत नाही.