विषय: जोडीचं नॉर्मल (त्याच माणसाचं निरोगी टिश्यू) नसलेले गाठींचे १७ नमुने, शुक्रवारच्या आत सांगा

प्रेषक: धाकटी

नमस्कार मंडळी,
आमच्या पेपरवर जर्नलच्या परीक्षकांची पत्रं आली. तिसऱ्याने त्याच १७ नमुन्यांवर बोट ठेवलंय. रक्त घेतलंच नव्हतं, गाठीचे मेणातले ब्लॉक तेवढे आहेत. म्यूटेक्ट२ (म्यूटेशनं शोधणारं सॉफ्टवेअर) ट्यूमर-ओन्ली, म्हणजे नुसत्या गाठीवर, चालवलं, नोमॅडने (लोकांच्या डीएनएतल्या फरकांचा, म्हणजे व्हेरिएंटचा, साठा) गाळलं, तरी पाच जणांचा टीएमबी (दर मेगाबेसला, म्हणजे दहा लाख बेसमागे, गाठीची म्यूटेशनं) बाकीच्यांच्या दुप्पट येतोय. पाचही दक्षिण आशियाई वंशाचे. सर म्हणतात, हे पाच काढून टाक. मला ते जिवावर येतंय, आपल्या लोकांचे नमुने मुळात एवढेच आहेत. काय करू?

प्रेषक: दादा

काढू नकोस. नोमॅडची सरसकट फ्रिक्वेन्सी लावलीस का? मग तिथेच पाणी मुरतंय. दुसऱ्या आवृत्तीत १,४१,४५६ माणसं आहेत, त्यातली दक्षिण आशियाई साधारण १५ हजार. जो व्हेरिएंट फक्त आपल्याकडे आहे तो सगळ्यांच्या सरासरीत दुर्मीळ दिसतो, गाळणीतून सुटतो आणि गाठीचं म्यूटेशन म्हणून मोजला जातो. एमवायबीपीसी३ या जनुकातलं २५ बेसचं डिलिशन (गळालेला तुकडा) बघ: दक्षिण आशियात सुमारे ४ टक्के लोकांत, बाहेर जवळजवळ नाही. गटवार सर्वाधिक फ्रिक्वेन्सी लाव. इंडिजेन या भारतीय प्रकल्पाचे १,०२९ जिनोम आहेत, तेही जोड. आणि पॅनेल ऑफ नॉर्मल्स (गाळणीसाठी नॉर्मल नमुन्यांचा संच) कोणावरून बनवलंस?

प्रेषक: डॉक्टरकाका

गाळण्या बदलत बसण्यापेक्षा पॅथॉलॉजीत एक फेरी मार. शस्त्रक्रियेत लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) काढले असतील. निगेटिव्ह, म्हणजे गाठीच्या पेशी नसलेल्या, नोडचा ब्लॉक म्हणजे त्याच माणसाचं नॉर्मल. गाठीलगतचं टिश्यू मात्र घेऊ नकोस. त्यात गाठीच्या चार पेशी जरी शिरल्या असल्या तरी खरी म्यूटेशनं नॉर्मलमध्येही दिसतात आणि तुमचं सॉफ्टवेअर ती फेकून देतं. स्लाइड आधी आमच्यापैकी कोणी तरी बघायलाच हवी. एफएफपीईच्या (फॉर्मेलिनमध्ये मुरवून मेणात ठेवलेल्या टिश्यूच्या) धाग्यात हे सविस्तर लिहिलं होतं, तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही.

प्रेषक: दादा

काका, शुक्रवारपर्यंत ब्लॉक कापून सिक्वेन्सिंग कसं व्हायचं? आहे त्या आकड्यांतूनही बरंच कळतं. प्युरिटी (नमुन्यातल्या गाठीच्या पेशींचा वाटा) ६० टक्के असेल तर गाठीच्या सगळ्या पेशींतलं हेटेरोझायगस (दोनपैकी एकाच प्रतीतलं) म्यूटेशन ३० टक्के रीड्समध्ये (सिक्वेन्सरने वाचलेल्या तुकड्यांत) दिसेल, जन्मजात असेल ते ५० च्या आसपास. दोन वेगळे ढीग पडतात.

प्रेषक: ताई

दादा, प्युरिटी ९० टक्के असली की तोच हिशेब ४५ विरुद्ध ५०. कुठले ढीग? आणि त्या जागी एलओएच (दोनपैकी एक प्रत गळणं) असेल तर जन्मजात व्हेरिएंटही ५० सोडून सरकतो. कॉपी नंबर (त्या जागी प्रती किती) हातात नसताना हे सांगू नकोस.

धाकटे, आधी एक तपास. तुझ्या पाच ब्लॉकचं वय काय? माझ्या पोस्टडॉकच्या पहिल्या वर्षी मी तीन महिने एका 'नव्या' सिग्नेचरमागे (म्यूटेशनांच्या ठरावीक साच्यामागे) होते. सगळे बदल सीचे (सायटोसिनचे) टी (थायमिन) असे. रोज रात्री वाटायचं, काहीतरी मोठं हाती लागलंय. ते फॉर्मेलिन निघालं. सायटोसिनचा अमिनो गट जातो, युरासिल होतं, सिक्वेन्सर टी वाचतो. माझ्या गाइडने एकही स्लाइड पाहिली नव्हती आणि मीही विचारलं नव्हतं. फॉर्मेलिनचा कचरा साधारण १० टक्के रीड्सच्या खाली पडतो, जन्मजात ५० च्या आसपास. जादा आकडा नेमका कुठून येतोय ते आज काढ. वंशाला दोष देण्याआधी हे हवंच.

प्रेषक: नवा सदस्य

मध्येच विचारतो. टीसीजीए या कर्करोगाच्या जिनोम साठ्यातल्या नॉर्मलच्या बॅम (सिक्वेन्सिंगच्या) फाइल्स घेऊन पॅनेल बनवलं तर? डीबीगॅपचा (त्या फाइल्स मिळवण्याचा) अर्ज मी करू शकतो का, पोस्टडॉक आहे.

प्रेषक: ताई

स्वतःच्या नावाने नाही. अर्ज पीआयने (प्रमुख संशोधकाने) करायचा, संस्थेची सही लागते. आणि हिला त्याचा फारसा उपयोग नाही, त्यात आपले लोक फार थोडे.

प्रेषक: धाकटी

ताई, काढलं. जादा आकडा ४५ ते ५५ टक्क्यांमध्येच आहे, खाली काही नाही. म्हणजे फॉर्मेलिन नाही. दादा, गटवार गाळणी लावून इंडिजेन जोडल्यावर पाचांपैकी तिघे खाली आले. दोघे अजून वरच आहेत, त्यांची प्युरिटीही जास्त आहे.

सरांशी बोलले. मी म्हटलं, एफडीएने २०२० मध्ये दर मेगाबेसला १० म्यूटेशनं ही रेघ धरून पेम्ब्रोलिझुमॅब या कर्करोगाच्या औषधाला मान्यता दिली. फुगलेल्या आकड्यावर आपलं माणूस त्या रेघेपलीकडे गेलं, तर उपयोग नसलेलं औषध अंगावर घेईल. हे नमुने काढले तर ही चूक दिसणारच नाही. ते थांबले, मग म्हणाले, संपादकांकडे सहा आठवडे माग. मागितलेत.

काका, पॅथॉलॉजीत काय मागू?

प्रेषक: डॉक्टरकाका

दोघांचा नको, पाचही जणांचा माग. गाळणीने खाली आले म्हणून ते तिघे बरोबर ठरत नाहीत. आधी एथिक्स समितीची परवानगी बघ. नॉर्मल वाचलं की बीआरसीए१ जनुकातल्या कर्करोगाच्या धोक्यासारखं घराण्यातलं काही हाती लागू शकतं, ते रुग्णाला कळवायचं की नाही हे संमतिपत्रात हवं. मग रिपोर्टमधून निगेटिव्ह नोडचा ब्लॉक क्रमांक काढ, स्लाइडचा नव्हे. ताजी एच अँड ई (रंगवलेली स्लाइड) कापून घे आणि स्कॅन मला पाठव, रविवारी बघतो.

प्रेषक: दादा

काकांनी बघितल्यावर फाइल्स इकडे टाक. नोड धरून आणि नोडशिवाय, दोन्ही चालवून ठेवतो.